कपातीची कुजबुज चालू असताना आधीच राजीनामा द्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्या इतरांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नागपूरजवळ बुटीबोरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहात, नऊ वर्षं झाली. वय सदतीस. बेशाला फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता साडेचौदा हजार, हातात पडणारा पगार अडतीस हजार. दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्या लाइनवरची कंत्राटी मुलं कमी केली आणि तेव्हापासून 'आता स्टाफचा नंबर' असं सगळे बोलत आहेत. एचआरने सगळ्यांकडून माहितीचे फॉर्म भरून घेतले, कशासाठी ते सांगितलं नाही. रात्री तीनला तुम्हाला जाग येते, मग झोप नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसाला एकावरून चारवर गेलाय. सहा वर्षांची मुलगी तुमच्याजवळ यायला बिचकते. घरी बायकोला यातलं काहीच माहीत नाही. आणि तुम्ही विचारताय, 'काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा दिला तर बायोडाटा स्वच्छ राहील का?'

मी बावीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते, आधी हिंगणा एमआयडीसीत आणि नंतर तुमच्याच बुटीबोरीत. आता सहा वर्षं झाली, कामगारांना आणि लहान कारखानदारांना सल्ला देते. कपातीच्या याद्या तयार होताना मी पाहिल्या आहेत. त्या यादीतल्या माणसांना समोर बसवून ते सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं आहे. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते: आज राजीनामा देऊ नका. पण 'बघू काय होतं ते' म्हणून बसूनही राहू नका.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सोडवून घेऊ. नोकरी जाण्याचा धोका ही एक गोष्ट. ती जाणार की राहणार हे कळत नाही, हा ताण दुसरी गोष्ट. धोका किती आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही. ते तुमच्या कारखान्याच्या ऑर्डरवर, तुमच्या विभागात किती माणसं आहेत यावर आणि तुमच्या नियुक्तीपत्रात काय लिहिलंय यावर अवलंबून आहे. पण रात्री तीनला तुम्हाला उठवतो तो धोका नाही, ते न कळणं आहे. त्यावर पुष्कळ काही करता येतं.

न कळण्याने माणसाचं काय होतं हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं. माझे बाबा नागपूरच्या एका कापड गिरणीत होते. हे गिरण्यांचं शहर. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ साली सुरू झाली, आज तिच्या जागेवर मॉल आहे. बाबांची गिरणी बंद पडणार अशी आवई मी सातवीत होते तेव्हा उठली आणि गिरणी प्रत्यक्ष बंद पडायला आणखी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत पगार जवळजवळ दर महिन्याला आला. तरी आमच्या घरात नवी चादर आली नाही, ताईचं लग्न घाईघाईत उरकलं आणि बाबा जेवताना बोलेनासे झाले. नोटीस लागली त्या रात्री आई रडत होती आणि बाबा गाढ झोपले होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढे या कामात आले आणि त्या झोपेचा अर्थ लागला. पुढचे दिवस सोपे नव्हतेच, पण काय करायचं ते तरी ठरवता येत होतं.

हा माझ्या एकटीच्या घरचा अनुभव नाही. लंडनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा एक मोठा अभ्यास १९८५ साली सुरू झाला, व्हाइटहॉल नावाने तो ओळखला जातो. तो चालू असतानाच त्यातलं एक खातं खासगी होणार असं ठरलं. कोण राहणार आणि कोण जाणार हे कळायच्या आधीच त्या खात्यातल्या लोकांची तब्येत इतरांच्या मानाने बिघडू लागली होती. त्याच्याही आधी, १९८४ साली, ग्रीनहाल्घ आणि रोझेनब्लॅट या दोन अभ्यासकांनी नोकरीच्या असुरक्षिततेची जी व्याख्या केली तिच्यात धोक्याच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट होती: आपल्या हातात काही उरलं नाही ही भावना. मला ती व्याख्या कामाची वाटते, कारण तिच्यातच उपाय आहे. धोका तुमच्याने हटणार नाही. हातात काय आहे ते मात्र मोजता येतं.

मोजण्याआधी एक गोष्ट. हा ताण घरापुरता राहत नाही, तो शॉपफ्लोअरवर उतरतो. आणि तुम्ही क्वालिटीला आहात म्हणून हे मुद्दाम सांगते. कपातीच्या हवेत माणसं चुका लपवायला लागतात. आजारी असली तरी सुट्टी घेत नाहीत, कारण नजरेआड झालो तर यादीत नाव येईल असं वाटतं. एका कारखान्यात माझ्यासमोर प्रेसवरचा मुलगा अंगात ताप असताना तीन दिवस येत राहिला. चौथ्या दिवशी त्याची दोन बोटं गेली. मी त्याच्या उशाशी बसले होते, तर तो म्हणाला, "मॅडम, काय होऊन राहिलं काही समजून नव्हतं राहिलं, म्हटलं घरी बसलो तं गेलोच." त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ती यादी मी पाहिली होती आणि त्याला सांगायची मला परवानगी नव्हती. आजही मला ते टोचतं. तुमच्या टेबलावर आज शंकास्पद लॉट आला आणि 'आता कशाला वाद' म्हणून तुम्ही तो पास केला, तर उद्या कस्टमरकडून तक्रार येईल आणि तिच्यावर तुमची सही असेल. या दिवसांत रिजेक्शन लिहायला कचरू नका आणि रोजची नोंद नेहमीपेक्षा नीट ठेवा.

आता कुजबुज आणि खूण यांतला फरक. कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये आणि व्हॉट्सॲपवर जे फिरतं ती कुजबुज. ती रोज बदलते आणि रोज नव्याने घाबरवते. खुणा वेगळ्या असतात आणि त्या कागदावर सापडतात. पगार महिन्याच्या ७ तारखेपर्यंत होतो की पुढे ढकलला जातो? मागच्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरलेला दिसतो का? उमंग ॲपवर पासबुक बघा, दोन मिनिटांचं काम आहे. माल पुरवणाऱ्यांची बिलं अडकली आहेत का, हे स्टोअरच्या माणसाला माहीत असतं. कच्च्या मालाचा साठा पंधरा दिवसांवरून चार दिवसांवर आला का? ओव्हरटाइम कधी बंद झाला? माझ्या अनुभवात सगळ्यांत बोलकी खूण पीएफची. पैशाची ओढाताण झाली की आधी तो उशिरा भरला जातो, पगार नंतर लांबतो. या खुणा ठीक असतील, तर कंत्राटी मुलं कमी करणं हे एखाद्या मॉडेलची मागणी घटल्यामुळेही असू शकतं. आणि एचआरचे फॉर्म? ते मी स्वतः कितीदा तरी भरून घेतले आहेत, निम्म्या वेळा कारण फक्त नवीन सॉफ्टवेअर हे होतं. लोकांना ते आधी सांगायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

मॅनेजरला 'माझी नोकरी जाणार का' असं विचारू नका. तो सांगू शकत नाही, आणि 'नाही' म्हणाला तरी तुमचा विश्वास बसणार नाही. त्याऐवजी विचारा, 'सर, पुढच्या तीन महिन्यांचं आपल्या लाइनचं शेड्यूल किती आहे?' हा क्वालिटीच्या माणसाने विचारायचाच प्रश्न आहे. आकडा मिळाला तर तुम्हाला काहीतरी कळलं. तो नजर चुकवून विषय बदलू लागला तर तेही कळलं.

आता राजीनाम्याकडे येते, कारण इथेच लोक सर्वांत जास्त नुकसान करून घेतात.

स्वतःहून राजीनामा दिला की कायद्याच्या दृष्टीने ती कपात राहत नाही. कपात झाली, तर सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो आणि किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये हेच होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे. तुमची नऊ वर्षं म्हणजे १३५ दिवस, साडेचार महिन्यांचा पगार. शिवाय नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे, मालकाने आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात घालायची आहे. राजीनामा दिलात की हे सगळं तुम्ही आपल्या हाताने सोडून देता.

पण इथे एक मोठा 'जर' आहे. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'ला मिळतं. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. तुमच्या ओळखपत्रावर 'ऑफिसर' आहे म्हणून घाबरू नका. हुद्द्याचं नाव काय यापेक्षा तुम्ही दिवसभर मुख्यतः काय करता ते कोर्ट पाहतं. स्वतः गेज लावून मापं घेत असाल, तपासणीचे रिपोर्ट स्वतः लिहीत असाल, तर ते तांत्रिक काम आहे आणि त्याला पगाराची ही मर्यादा लागत नाही. हाताखाली आठ जणं आहेत, त्यांच्या रजा तुम्ही मंजूर करता, त्यांना काम तुम्ही नेमून देता, असं असेल तर गणित बदलतं. मग नियुक्तीपत्रातला करार महत्त्वाचा. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी ठाम सांगत नाही. ते पत्र घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. तुमचे हे दोन्ही मिळून २२,००० असतील असं धरलं तर सुमारे १,१४,००० रुपये होतात. तीस दिवसांत ती द्यावी लागते. तुमच्याकडे ठरावीक मुदतीच्या करारावर कोणी असेल तर त्याला सांगा, नव्या संहितेनुसार एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो. आणि कमी केलेल्या कंत्राटी मुलांपैकी कोणी संपर्कात असेल तर त्याला सोमवारीपेठेतल्या ईएसआय (कामगार विमा) दवाखान्यात न पाठवता सरळ ईएसआयच्या शाखा कार्यालयात पाठवा. ज्यांचा ईएसआय कापला जात होता त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तिच्यात सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. दवाखान्यात विचारून हे कळत नाही, म्हणून कितीतरी मुलं मागतच नाहीत.

बायोडाटावरच्या डागाबद्दल मनापासून सांगते. मी शेकडो मुलाखती घेतल्या आहेत. 'लाइन बंद झाली, विभागातली माणसं कमी केली' असं कोणी सांगितलं तर आम्ही पुढच्या प्रश्नाकडे जातो. आम्ही थबकतो ते हातात दुसरी नोकरी नसताना सोडलेल्या नोकरीवर. ज्याला तुम्ही डाग समजताय तो डाग नाही, आणि ज्याला सुटका समजताय तिच्यावर मात्र प्रश्न विचारले जातील.

आणि एक. कधी कधी केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा समोर ठेवतात. 'आत्ता सही करा, दोन महिन्यांचा पगार देतो, नाहीतर तेही नाही.' त्या खोलीत सही करू नका. 'मला वाचायला दोन दिवस हवेत, प्रत द्या' एवढंच म्हणा, आवाज न चढवता. दोन महिने हे साडेचारपेक्षा कमी असतात, हे त्या क्षणी कोणालाच आठवत नाही. बाहेर आलात की त्याच दिवशी एचआरला ईमेल टाका: आज अमुक वाजता असं सांगण्यात आलं, मी विचारासाठी वेळ मागितला आहे.

आता घर. तुम्ही लिहिलंय की बायकोला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही, फोन आला की गच्चीवर जाऊन बोलता. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. नवरा चार महिने असाच गच्चीवर जाऊन बोलायचा, फोन उलटा ठेवायचा, पगार विचारला की चिडायचा. तिची खात्री झाली होती की त्याचं बाहेर काहीतरी आहे. खरं कळलं तेव्हा ती आधी हसली आणि मग खूप रडली, म्हणाली, "काहून नाही सांगितलं जी, मी का खाऊन टाकली असती?" तुमची बायको काहीतरी ओळखून आहे हे धरून चला. मुलगीसुद्धा. सहा वर्षांच्या पोरीला कपात कळत नाही, पण बाबा रागावलेत ते आपल्यावरच असं तिला वाटतं. येत्या रविवारी मुलीला आजीकडे सोडा, बायकोला सगळं सांगा आणि त्याच बैठकीत वही काढा.

वहीत लिहायचं ते हे. दर महिन्याला घर चालवायला खरोखर किती लागतात, हप्ता धरून. समजा २९,०००. मग आज नोकरी गेली तर हातात काय काय येईल: बचत, ग्रॅच्युइटी, भरपाई, शिल्लक रजेचे पैसे. भागाकार करा. जो आकडा येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत. माझ्यासमोर ज्यांनी ज्यांनी हा भागाकार केला, त्यातल्या बहुतेकांचा आकडा त्यांना वाटत होता त्याहून मोठा आला. काहींचा लहान आला. पण त्यांनाही रात्री विचार करायला अंधाराऐवजी एक आकडा मिळाला. पीएफ यात धरू नका, तो शेवटचा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ताच, पगार चालू असताना घ्या. हप्त्याबद्दल बँकेशी बोलायचं झालं तर तो चुकायच्या आधी बोला. नंतर गेलात की बोलणं वसुलीच्या माणसाशी होतं.

काटोलला वडिलांची संत्र्याची बाग आहे, वेळ पडली तर तिथे जाऊ, असंही तुम्ही लिहिलंय. ती बाग आधार आहे हे खरं. पण संत्र्याचा पैसा आंबिया किंवा मृग बहाराच्या तोडीला येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला आहे. वडिलांना विचारून त्या पैशाची खरी तारीख वहीत लिहा.

दुसरी नोकरी शोधणं आजपासून सुरू करा, पण ठरवून, आठवड्यात तीन संध्याकाळी एकेक तास. रोज रात्री बारापर्यंत जाहिराती चाळल्या की शोध होत नाही, फक्त भीती वाढते. नऊ वर्षांत ज्या पुरवठादारांचा माल तुम्ही तपासलात, तेच तुम्हाला सगळ्यांत चांगले ओळखतात. त्यातल्या पाच जणांना फोन करा. हिंगणा, मिहान, चाकण, सगळीकडे क्वालिटीच्या माणसाला आयएटीएफ १६९४९ या वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं इंटर्नल ऑडिटर प्रशिक्षण झालंय का असं विचारतात. झालं नसेल तर कंपनी अजून पाठवते आहे तोवर करून घ्या.

झोपेबद्दल. कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट. तीनला जाग आली तर फोन हातात घ्यायचा नाही, डोक्यात आलं ते वहीत लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचं. खर्रा झोप लावत नाही, तंबाखू झोप उडवते. चारवरून एकदम शून्यावर येणं जमणार नाही, आधी संध्याकाळचा बंद करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार एकदा जरी आले, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभागात जायला लाजू नका. मी कितीतरी सुपरवायझर, अगदी एक प्लांट हेडसुद्धा, तिथे सोबत नेले आहेत.

हे सगळं एका दिवशी होणार नाही आणि करूही नका. आज फक्त नियुक्तीपत्र शोधून काढा आणि उमंगवर पीएफचं पासबुक बघा. नोटीस पीरियडच्या कलमात काय लिहिलंय, तुमच्या हाताखाली किती जणं आहेत आणि मागच्या तीन महिन्यांचा पीएफ कुठल्या तारखेला भरला, या तीन गोष्टी मला कळवा. त्या कळल्या की 'कामगार' म्हणून तुमची बाजू किती भक्कम आहे ते मी जास्त नेमकं सांगू शकेन. रविवारी घरी बोलणं झालं का, तेही लिहा.